विश्लेषण : म्हैस आणि बगळा, बिबट्या आणि वारली... वेगवेगळ्या प्रजातींची ‘मैत्री’ नेमकी कशावर टिकते?

सिंहिणीच्या कुशीत बिबट्याचे पिल्लू, गाईला टेकून बसलेला बिबट्या, कुत्र्याच्या पिल्लाला कवटाळून छतावर बसलेले वानर... अशी छायाचित्रे आणि चित्रफिती मोबाइलवर सतत येतात आणि ‘प्राण्यांकडून माणसाने शिकावे’ अशा मजकुरासह पुढे पाठवल्या जातात. त्यातील काही घटना खऱ्या असतात, काहींवर भलतीच कथा चिकटवलेली असते. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मात्र दोन प्रजातींचा शेजार ही रोजची बाब आहे. भातखाचरात म्हशीमागे चालणारा बगळा आहे आणि पाड्यालगतच्या रानात बिबट्याही आहे. हा शेजार कशावर चालतो, कधी बिघडतो आणि आज तो टिकवणे अवघड का होत आहे, याचा आढावा.

म्हशीमागे बगळा का चालतो?

पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या भातखाचरांत आवणीची लगबग सुरू झाली की चिखलणी करणाऱ्या बैलांमागे आणि चरणाऱ्या म्हशींच्या पायांत पांढरे बगळे हमखास दिसतात. हा गायबगळा. विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी छटा येते. जनावर चालते तसे गवतातील नाकतोडे, किडे, लहान बेडूक उडू लागतात आणि बगळा ते टिपतो. एकट्याने किडे शोधत फिरण्यापेक्षा जनावरामागे चालल्यास कमी पावलांत जास्त खाद्य मिळते, हे परदेशात झालेल्या निरीक्षणांत मोजले गेले आहे.

म्हशीला यातून काय मिळते? अंगावरची एखादी गोचीड किंवा माशी टिपली जाते, पण तो लाभ किरकोळ आहे. बगळ्याचा फायदा मोठा, म्हशीचे नुकसान काही नाही, असा हा व्यवहार आहे. आता तर ट्रॅक्टरमागेही गायबगळे तितक्याच संख्येने धावतात. म्हणजे बगळ्याला म्हशीचा लळा नसून तिच्या चालण्याने उडणाऱ्या किड्यांची गरज आहे. मूळ आफ्रिका, आशिया आणि दक्षिण युरोपातील हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर अमेरिकेत घरटी करू लागला. माणूस जिथे गुरे घेऊन गेला तिथे त्याच्यासाठी जेवणाची सोय आधीच झालेली होती.

कोतवाल रखवालदार आहे की लबाड?

विजेच्या तारेवर किंवा गुरांच्या पाठीवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल हा याच शिवारातील दुसरा परिचित पक्षी. आकाराने बुलबुलाच्या आसपास. पण घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला किंवा शिकऱ्याला तो हुसकावून लावतो. त्यामुळे हळद्या, होला यांसारखे शांत पक्षी अनेकदा कोतवालाचे घरटे असलेल्या झाडावरच आपले घरटे बांधतात. आयता पहारा मिळतो. ‘कोतवाल’ हे नाव त्याला शोभून दिसते ते यामुळेच.

याच कुळातील आफ्रिकी कोतवालाची दुसरी बाजू २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आली. दक्षिण आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात टॉम फ्लॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांचा माग ठेवला. शिकारी पक्षी आला की कोतवाल खरा इशारा देतो आणि जमिनीवर किडे शोधणारी मीरकॅट व सातभाई त्यावर विश्वास ठेवून पळतात. मात्र एखाद्याला मोठा किडा सापडला की कोतवाल खोटा इशारा देतो आणि टाकून दिलेला घास उचलतो. एकच आवाज वारंवार काढला तर इतर प्राणी फसेनासे होतात. मग कोतवाल आवाज बदलतो. त्या प्राण्याच्याच प्रजातीचा इशारा हुबेहूब काढतो. त्याच्या दिवसभराच्या खाद्यापैकी सुमारे २३ टक्के हिस्सा अशा चोरीतून येत असल्याचे आढळले.

तरीही मीरकॅट आणि सातभाई कोतवालाकडे पूर्ण दुर्लक्ष करीत नाहीत. त्याचे बहुतेक इशारे खरे असतात आणि एकदा घास गमावणे हे जीव गमावण्यापेक्षा स्वस्त पडते. वेगवेगळ्या प्रजातींच्या संबंधांत फायदा आणि फसवणूक एकाच वेळी चालू शकते, हे या उदाहरणातून दिसते. सोबत टिकते ती एकूण हिशेब दोघांना परवडतो तोवर.

मग याला मैत्री म्हणता येईल का?

जीवशास्त्रात अशा संबंधांचे ढोबळ प्रकार केले जातात. दोघांचाही लाभ होतो तो परस्परोपकार, एकाचा लाभ आणि दुसऱ्याला फरक नाही ते सहभोजन आणि एकाच्या जिवावर दुसरा जगतो ते परजीवन. मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलात चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली चरतात. वानरांच्या हातून पडलेला पाला आणि फळे चितळांना मिळतात, झाडावरून वानरांची नजर दूरवर जाते आणि चितळांचे नाक-कान जमिनीवरचा धोका टिपतात. वाघ किंवा बिबट्या आला की दोघांपैकी कोणाचाही इशारा दुसऱ्याच्या कामी येतो.

याचा अर्थ प्राण्यांना भावना नसतात असा नाही. सस्तन प्राण्यांमध्ये आई-पिल्लाचे नाते घट्ट असते आणि ती माया कधीकधी प्रजातीची सीमा ओलांडते. गुजरातमधील गीरच्या जंगलात डिसेंबर २०१८ मध्ये एका सिंहिणीने सुमारे दोन महिन्यांच्या बिबट्याच्या पिल्लाला आपल्या दोन पिल्लांसोबत वाढवायला घेतले. ती त्याला दूध पाजत होती, शिकारीचा वाटा देत होती. सिंह आणि बिबट्या हे एरवी एकमेकांचे वैरी. सुमारे दीड महिना हे कुटुंब एकत्र होते. नंतर ते पिल्लू मृत्युमुखी पडले. शवविच्छेदनात त्याला हर्नियाचा विकार असल्याचे आढळले. सिंहिणीने त्याला टाकलेही नव्हते आणि मारलेही नव्हते. २०२० मध्ये ‘इकोस्फिअर’ या नियतकालिकात ही नोंद प्रसिद्ध झाली. पिल्लांना दूध पाजण्याच्या काळातील सिंहिणीची मातृवृत्ती आणि बिबट्याच्या पिल्लाचे सिंहाच्या पिल्लांसारखेच वागणे, यातून हे घडले असावे, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. अशी उदाहरणे अपवादात्मक आहेत, म्हणूनच त्यांची नोंद होते.

समाजमाध्यमांवरील कथांत गफलत कुठे होते?

घटना खरी असली तरी तिचा अर्थ अनेकदा माणसाच्या स्वभावावरून लावला जातो. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात लवूळ गावी २०२१ च्या डिसेंबरमध्ये वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत असल्याच्या बातम्या आल्या. ‘कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारल्याचा सूड’ म्हणून ही घटना जगभर गाजली. मेलेल्या पिल्लांचे मोठमोठे आकडे सांगितले गेले. अखेर वनविभागाने दोन वानरे पकडून गावापासून दूर नेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा सूड उगवण्यासाठी ठरवून हत्या करणे, असे वर्तन वानरांत दिसत नाही. पिल्ले उचलणे, कुरवाळणे, त्यांच्या अंगावरच्या उवा-पिसवा वेचणे ही वानरांची सवय आहे. उंचावर नेलेली कुत्र्याची पिल्ले मात्र भुकेने किंवा खाली पडून मरतात. एकाच कृतीला कोणी ‘मैत्री’ म्हणाले, कोणी ‘सूड’ म्हणाले आणि दोन्ही बाजूंनी वानराला माणूस ठरवले.

गाय आणि बिबट्याच्या छायाचित्राचेही तसेच. वडोदरा जिल्ह्यातील अंतोली गावात २००२ मध्ये बिबट्याची एक तरुण मादी रात्री शेतात बांधलेल्या गाईजवळ येऊन बसत असल्याची बातमी तेव्हा प्रसिद्ध झाली होती. पुढे तीच छायाचित्रे दुसऱ्याच राज्याचे नाव आणि ‘गाईने दूध पाजून वाढवलेला बिबट्या’ अशी कथा जोडून फिरत राहिली. अशा मजकुरातून दोन टोकाचे समज पसरतात. बिबट्या प्रेमळ आहे, त्याच्याजवळ जाता येते, हा एक. वन्यप्राणी डूख धरतात, म्हणून त्यांना संपवले पाहिजे, हा दुसरा. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या गावांना दोन्ही समज सारखेच महागात पडतात.

रानटी प्राणी आणि माणूस यांच्यात समजूत असू शकते का?

असू शकते, आणि तिचे मोजमापही झाले आहे. आफ्रिकेतील मोझांबिक देशात नियासा राखीव क्षेत्रात याओ समाजाचे लोक मध गोळा करताना ‘हनीगाइड’ नावाच्या रानटी पक्ष्याची मदत घेतात. माणूस एक विशिष्ट आवाज काढतो, पक्षी झाडाझाडावरून पुढे जात पोळे दाखवतो. माणूस धूर करून मध काढतो आणि उरलेले मेण पक्ष्याला मिळते. २०१६ मध्ये क्लेअर स्पॉटिसवूड यांच्या अभ्यासात आढळले की, हा पारंपरिक आवाज काढल्यास पोळ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता १६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जाते. २०२३ मधील पुढच्या अभ्यासाने याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. टांझानियातील हाडझा लोक वेगळी शीळ घालतात आणि तेथील पक्षी परक्या आवाजापेक्षा त्यांच्या शिळेला तिपटीहून अधिक प्रतिसाद देतात. म्हणजे ही समजूत प्रत्येक प्रदेशातील माणसे आणि पक्षी आपापसांत शिकतात. जागा बदलली की तिची भाषाही बदलते.

ब्राझीलमधील लगुना येथे डॉल्फिन मासे किनाऱ्याकडे हाकतात आणि त्यांच्या हालचालीवरून कोळी जाळे टाकतात. या भागीदारीत सहभागी होणाऱ्या डॉल्फिनचे जगण्याचे प्रमाण इतरांपेक्षा १३ टक्के अधिक असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

बिबट्याची गोष्ट वेगळी आहे. तो माणसाला मध दाखवत नाही की मासे हाकत नाही. तो कोंबडी, बकरी, कुत्रा नेतो आणि क्वचित माणसावरही हल्ला करतो. अशा शेजाऱ्याबरोबर राहण्याची एक रीत डहाणू-तलासरीसह पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगराच्या आदिवासी पट्ट्यात घडलेली आहे. तिचे नाव वाघोबा.

वाघोबा आणि वारली यांच्यातील ‘करार’ काय आहे?

वारली बोलीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघाला आणि बिबट्यालाही लागू होतो. या भागातून पट्टेरी वाघ गेला, बिबट्या राहिला आणि वाघोबाही राहिला. पाड्याच्या वेशीवर, झाडाखाली किंवा रानाच्या वाटेवर शेंदूर लावलेला दगड किंवा कोरलेला लाकडी खांब असतो. त्यावर वाघाच्या आकृतीसोबत बहुधा चंद्र-सूर्यही असतात. दिवाळीच्या तोंडावर येणारी वाघबारस हा वाघोबाचा मुख्य सण. त्या दिवशी पाड्यातील लोक एकत्र येऊन नारळ, कोंबडा, बकरा असा मान देतात.

‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया’च्या रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली समाजाचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये ‘फ्रंटिअर्स इन कन्झर्व्हेशन सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाघोबाच्या दीडशेहून अधिक देवस्थानांची नोंद आहे. वाघोबाच्या जन्मकथेची रूपे अनेक आहेत. एका रूपात, एका स्त्रीला झालेला मुलगा वाघाचे रूप घेतो आणि गुरे मारू लागतो. गावकरी चिडतात. तेव्हा आई त्याला रानात राहायला सांगते आणि गावाने त्याचे देवस्थान उभारून वर्षातून एकदा त्याचा मान द्यावा असे ठरते.

या कथेत वाघ कोणाचा मित्र नाही. तो गावातलाच आहे, पण त्याची जागा रानात आहे. त्याला मान द्यायचा आणि त्याने माणसाला सांभाळायचे, अशी दोन्ही बाजूंची जबाबदारी आहे. बकरी गेली तर नुकसान होते, राग येतो, पण त्या घटनेचा अर्थ लावायला एक चौकट असते. मान द्यायचा राहिला का, भगताला विचारावे का, असे प्रश्न पुढे येतात. प्रत्येक नुकसानीनंतर विष घालणे किंवा फास लावणे हाच एक मार्ग उरत नाही. वाघोबामुळे संघर्ष होतच नाही, असा अभ्यासकांचा दावा नाही. नुकसान सोसण्याची ताकद समाजाला या श्रद्धेतून मिळते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

बिबट्या आपली बाजू कशी पाळतो?

बिबट्याला वाघबारस ठाऊक नाही. पण माणसाचे वेळापत्रक त्याला नेमके ठाऊक असते. विद्या अत्रेय आणि नॉर्वेतील संशोधकांनी पाच बिबट्यांना उपग्रहाशी जोडलेले जीपीएस पट्टे बसवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले की, वस्तीच्या प्रदेशातील बिबटे दिवस घरांपासून लांब, आडोशाला काढतात आणि माणसांची वर्दळ थांबल्यावर रात्री घरांजवळून फिरतात. जागा तीच, वेळ वेगळी. त्यामुळे वर्षानुवर्षे बिबट्या जवळ असूनही तो बहुतेकांना दिसत नाही.

नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तिथे १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे २०१३ मधील अभ्यासात आढळले. तेथे त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावठी प्राण्यांचा होता, त्यातही कुत्र्यांचा सर्वाधिक, ३९ टक्के. उकिरड्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, अशी ही साखळी आहे.

बिबट्याची स्मरणशक्ती किती पक्की असते हे ‘आजोबा’ने दाखवले. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या वयस्कर नराला बाहेर काढून, पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. सुमारे महिनाभरात १२० किलोमीटरचे अंतर तोडून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरात पोहोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेमार्ग, वसाहती होत्या. वसईची खाडीही त्याने ओलांडली. एवढ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. २०१४ मधील ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट याच बिबट्यावर बेतलेला आहे.

ही समजूत मोडली तर काय होते?

याचे सर्वात स्पष्ट उत्तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर विभागातून मिळाले. २००१ पासून तेथे शेकडो चौरस किलोमीटरच्या ऊसपट्ट्यातून शंभरहून अधिक बिबटे पकडून त्यातील अनेक दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हल्ले कमी होतील असा उद्देश होता. मात्र त्यापूर्वी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले या मोहिमेनंतर वर्षाला सरासरी १७ झाले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पकडताना झालेला ताण, अनोळखी प्रदेश, कुठे माणसे असतात आणि कुठे लपावे हे माहीत नसणे, ही त्याची संभाव्य कारणे. शिवाय रिकाम्या झालेल्या जागी नवे, बहुधा तरुण बिबटे येतात. जुन्या शेजाऱ्याला हटवून अनोळखी शेजारी आणण्यासारखाच हा प्रकार ठरला.

जुन्नर, शिरूर भागात अलीकडच्या वर्षांत लहान मुलांसह अनेकांचे जीव गेले आहेत. ऊस हेच ज्यांचे जन्मस्थान आहे अशा बिबट्यांच्या पिढ्या तेथे वाढल्या आहेत. तेथील संतापाला ‘सहजीवन शिका’ हे उत्तर पुरेसे नाही. हल्लेखोर ठरलेला बिबट्या पकडणे हे वनविभागाचे काम आहे आणि ते वेळेवर झाले नाही तर उरलेल्या बिबट्यांवरचा विश्वासही जातो. डहाणू-तलासरीची परिस्थिती जुन्नरसारखी नाही. येथे ऊस नाही. साग, ऐन, मोहाचे रान, गवताळ माळ, भातशेती आणि किनाऱ्याकडे चिकूच्या वाड्या आहेत. पण येथील समतोलही आपोआप टिकणारा नाही.

डहाणू-तलासरीत आज काय पणाला लागले आहे?

केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्यामुळे येथील रान आणि वाड्या बऱ्याच अंशी टिकल्या. आता याच पट्ट्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या जोडीला मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग आणि बुलेट ट्रेनचा मार्ग जात आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले.

बिबट्याच्या दृष्टीने पाहिले तर रस्ता ही केवळ एक पट्टी नसते. रात्री निर्धास्त फिरण्याची ठरलेली वाट त्यामुळे तुटते. रात्रभर वाहने, दिवे आणि कामगार वस्त्या असतील तर ‘दिवस माणसाचा, रात्र बिबट्याची’ ही वाटणी उरत नाही. उघड्यावरचा कचरा वाढला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत शिरतो. दुसरीकडे, ज्याला वाघोबा माहीत नाही असा नवा शेजारी येथे राहायला येतो. त्याच्यासाठी बिबट्या दिसणे हीच आणीबाणी असते. वारली पाड्यांतील शिकून शहरात गेलेल्या मुलांनाही या चालीरीती दूरच्या वाटू लागतात.

समजूत टिकवण्याची किंमत आजवर मुख्यतः बकरी गमावणाऱ्या कुटुंबानेच मोजली आहे. म्हणून भरपाईला महत्त्व आहे. त्याचा एक नमुना डहाणूच्याच किनाऱ्याने पाहिला आहे. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली. जखमी सागरी कासवांवर उपचारासाठी डहाणूत वनविभाग आणि स्थानिक प्राणिप्रेमी संस्था मिळून केंद्र चालवतात. कासवाबद्दलची माया मच्छीमाराकडे आधीही होती, जाळ्याच्या भरपाईने ती परवडणारी झाली. बिबट्याने जनावर मारल्यास पंचनामा करून भरपाई देण्याची तरतूद आहे. पाड्यापर्यंत ती किती लवकर पोहोचते यावर पुढच्या वेळी फास लागणार की नाही हे अवलंबून राहते.

बिबट्या दिसल्यास काय करावे, काय टाळावे?

बिबट्या दिसला म्हणजे तो हल्ला करणारच असे नाही. गर्दी करणे, दगड मारणे, पाठलाग करून चित्रफीत काढणे यातूनच बहुतेक अपघात घडतात. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. समोर आल्यास पळू नये, वाकू नये, नजर ठेवून हळूहळू मागे सरकावे. लहान मुलांना अंधारात एकटे पाठवू नये. रात्री शेतावर किंवा परसाकडे जाताना बॅटरी आणि सोबत असावी, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जावे. बकऱ्या, कोंबड्या रात्री बंद गोठ्यात असाव्यात आणि उरलेले अन्न, मेलेले जनावर वस्तीजवळ टाकू नये.

बिबट्याची पिल्ले आढळली तर त्यांना हात लावू नये, दूध पाजू नये, त्यांच्यासोबत छायाचित्र काढू नये. त्यांची आई बहुधा जवळच असते आणि रात्री पिल्ले हलवते. जुन्नर भागात अशा अनेक पिल्लांची आईशी पुन्हा भेट घडवून आणण्यात यश आले आहे. पिल्ले उचलून नेल्यास मादी त्यांच्या शोधात वस्तीभोवती घुटमळते आणि धोका वाढतो. बिबट्या विहिरीत किंवा घरात अडकल्यास, जखमी आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे आणि पथक येईपर्यंत लोकांना दूर ठेवावे.

बगळा म्हशीच्या पायांत चालतो, पण पायाखाली येत नाही. तेवढे अंतर त्याला नेमके कळते. डहाणू-तलासरीत बिबट्या आणि माणूस यांनीही असेच अंतर पिढ्यान्‌पिढ्या राखले आहे. नव्या रस्त्यांखाली वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवणे, कामगार वस्त्यांतील कचरा रोज उचलणे आणि मेलेल्या बकरीचा पंचनामा दुसऱ्या दिवशी होणे, या तीन साध्या गोष्टींवर ते पुढेही राखले जाईल की नाही हे ठरणार आहे.